एकवीस धडं

१

दीक्षाचा दिवस व्हॅसलीनच्या डबीपासून सुरू व्हायचा.

सकाळी दहाला ती जासईच्या त्या पत्र्याच्या खोलीत पोचायची, मानेपासून मांड्यांपर्यंत, दंडांसकट, अंगाला व्हॅसलीन चोपडायची आणि हात थोडे पसरून स्टुलापुढं उभी राहायची. मग नमिता कोमट पाण्यात पट्ट्या बुडवायची. हाड मोडल्यावर बांधतात त्याच या प्लास्टरच्या पट्ट्या. पुढून एक साचा, पाठीवरून एक. प्लास्टर सुकता सुकता तापायचं आणि दीक्षाला हसू फुटायचं. हसलं की पोट हलायचं, साच्याला चीर जायची, आणि नमिता ओरडायची, "ए बाई, मूर्ती आहेस तू! मूर्ती हसते का?"

दोन्ही साचे जोडून साडेअकराला आत पीओपी ओतायचं, कडेला जमलं की मधलं उलटून काढायचं, म्हणजे आतून पोकळ, हलकं धड तयार. तीनला साचा सोलायचा. चारला कॅमेरा चालू. दीक्षानं समोर यायचं, एक वाक्य म्हणायचं आणि हातोड्यानं ते धड फोडायचं.

वाक्य रोज वेगळं असे. "मांडी पसरून बसू नकोस." "दुपट्टा नीट घे." "एवढं जेवतात का मुली?" तिला कधी ना कधी कुणीतरी ऐकवलेली वाक्यं. मोजायला बसली तेव्हा शंभराच्या वर निघाली होती. त्यातली एकवीस निवडली. मालिकेचं नाव 'धड'. लहानपणापासून हा शब्द तिच्या मागं लागलेला. धड बस, धड चाल, धड बोल. शाळेत गोळाफेकीत ती जिल्ह्यात दुसरी आली होती, तेव्हा मावशी आईला म्हणाली होती, "पोरीचे खांदे बघ, आता हिला धड ब्लाउज तरी बसेल का?" त्यानंतर गोळा सुटला. खांदे आत ओढून चालायची सवय लागली ती लागलीच.

आता ती एकतीस वर्षांची होती, खारघरच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होती आणि मे महिन्याच्या सुट्टीत रोज एक धड फोडत होती. जूनमध्ये बेलापूरच्या एका लहानशा कलादालनात एकवीस पडद्यांवर हे एकवीस व्हिडिओ एकाच वेळी दिसणार होते. नमिता लग्नांचं शूटिंग करून पोट भरायची. ती म्हणायची, "सीझनभर नवऱ्या मुलींना 'जरा खाली बघा, लाजा' सांगून घसा सुकलाय माझा. हे बघून बरं वाटतं."

खोली राहीबाईंची. शेतं होती तेव्हा तिथं भाताच्या गोणी असायच्या. राहीबाई रोज चारच्या ठोक्याला दारात येऊन उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "काय गो बाय, आज कोनाला फोरतंस?"

"मलाच, राहीबाई."

"मंग जोरान फोर!" असं म्हणून त्या पदर तोंडाला लावून हसायच्या. रस्त्यावरून कंटेनरचा ट्रेलर जायचा, पत्रा थरथरायचा, आणि धडाचे तुकडे जमिनीवर सांडायचे. सहा दिवस असे मजेत गेले.

२

सातव्या दिवशी साचा सोलला आणि नमिता कॅमेरा लावता लावता थांबली.

"दीक्षा, हा कसला वळ?"

धडाच्या कमरेभोवती बोटभर रुंदीची खोलगट रेघ होती. पुढं, डाव्या अंगाला, थोडी जास्त रुतलेली. तिथं गाठ बसते. परकराची नाडी वर्षानुवर्षं आवळली की असा वळ पडतो. तो कुठल्याही साडी नेसणाऱ्या बाईच्या कमरेवर असतो.

दीक्षा साडी नेसत नव्हती. तिनं टी-शर्ट वर करून पाहिलं. कंबर सपाट होती.

"पट्टी दुमडली असेल," ती म्हणाली.

"गोल? सगळीकडून? गाठीसकट?"

"मग इलॅस्टिकचा असेल. सकाळी पॅन्ट घट्ट होती."

नमितानं खांदे उडवले. वळाचा जवळून एक शॉट घेतला. चार वाजले. दीक्षानं वाक्य म्हटलं, "कंबर झाक," आणि हातोडा घातला. धड पहिल्याच घावाला फुटलं. एरवी चार-पाच लागायचे.

नमितानं हेडफोन काढले. "तू आत्ता हुश्श केलंस?"

"नाही."

"कुणीतरी केलं. असं, ब्रा काढल्यावर करतो ना आपण, तसं."

दोघी खो-खो हसल्या. पोकळ वस्तू फुटली की आतली हवा बाहेर येणार. हवेला आवाज असणार. दीक्षानं हे मोठ्यानं बोलून दाखवलं आणि तिला ते पटलंही. तुकडे झाडताना मात्र तिच्या लक्षात आलं की आपण झाडू हळू फिरवतोय. कुणी झोपलंय आणि त्याला धक्का लागू नये, असा.

३

दहाव्या धडाच्या उजव्या दंडावर दोन खुणा होत्या. रुपयाएवढ्या गोल, कडेनं सुरकुतलेल्या. देवीच्या लशीच्या. ती लस दीक्षाच्या जन्माच्या कितीतरी आधी बंद झालेली. तिच्या दंडावर बीसीजीचा एक बारीक ठिपका होता, तोही डाव्या.

आता पट्टी दुमडली असेल असं म्हणता येईना. नमिता म्हणाली, "पीओपीत बुडबुडा येतो ना, तो फुटला की असा खड्डा पडतो." दोन बुडबुडे, शेजारी शेजारी, नेमके दंडावर. दीक्षा मान डोलावत राहिली. तिनं त्या खुणांवर बोट फिरवलं. पीओपी गार असायला हवं होतं. उन्हानं तापलं असेल, तिनं मनाशी म्हटलं. मे महिना आहे, वर पत्रा आहे.

फुटताना आज हुश्श आलं नाही. एक अस्पष्ट, गळ्यातल्या गळ्यात झालेला आवाज आला. म्हातारं माणूस गुदगुल्या झाल्यावर करतं तसा.

दारात राहीबाई नव्हत्या. बाहेर बघितलं तर अंगणात त्या वरच्या तारेवर गोधडी वाळत घालत होत्या. दोन्ही हात डोक्याच्या वर.

"राहीबाई! तुमचा हात!"

अकरा वर्षं राहीबाईंचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. वेणी सुनेकडून घालून घ्यायच्या. आता त्या हात वर धरून स्वतःच त्याच्याकडं बघत होत्या, कुणाचा आहे हा, अशा नजरेनं.

"आता मघाशी गो. चुलीपुरं बसलेली, आनि खांद्यातना कायतरी खाली परल्यासारका वाटला. कपबशी परते तसा. बगतंय त हात वर जातंय!" आणि त्यांनी हात आणखी उंच केला, पाचवीच्या पोरीनं उत्तर येतंय म्हणून करावा तसा. पदर तोंडाला न लावता मोठ्यानं हसल्या.

ब्लाउजची बाही वर सरकली होती. दीक्षा जवळ गेली. "राहीबाई, तुम्हाला लहानपणी देवी काढलेली ना? दंडावर खुणा होत्या तुमच्या?"

"हायत ना. दोन. ह्या बग." त्यांनी दंड वळवला. मग डोळ्यांजवळ नेला. मग दुसरा दंड पाहिला.

कातडी गुळगुळीत होती, नितळ.

"गेल्या वाटतं," राहीबाई म्हणाल्या, आणि त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. त्यांना अजून चार गोधड्या वाळत घालायच्या होत्या.

४

त्यानंतरचे दोन दिवस दीक्षा धड फोडण्याआधी ते चारही बाजूंनी तपासायची. अकराव्याला काही नव्हतं. बाराव्याच्या पाठीवर पट्ट्यानं मारल्यासारखे दोन वण होते. नमितानं ते पाहिले, दीक्षानंही पाहिले. त्या दिवशी हातोडा नेहमीपेक्षा जोरात बसला. ती बाई कोण, कुठली, ते कधीच कळलं नाही. फुटताना आतून कुणीतरी एकच टाळी वाजवल्यासारखा आवाज आला.

तेरावं धड मात्र घाईत, न तपासताच फुटलं. नमिताला पाच वाजता उरणला एका हळदीला पोचायचं होतं. तुकडे पडल्यावर दीक्षा कॅमेऱ्यात फूटेज मागं नेऊन बघत बसली, आणि एका जागी तिनं ते थांबवलं.

बेंबीखाली ऑपरेशनचा आडवा वण. तो बऱ्याच बायकांना असतो. पण गळ्याच्या हाडाखाली, डाव्या बाजूला, पिंपळाच्या पानासारखा एक डाग होता, टोकाशी किंचित वाकडा. दीक्षा दीड वर्षाची असताना उकळती डाळ सांडली होती. ती पोरीवर पडू नये म्हणून आई मध्ये वाकली होती. तो डाग दीक्षा लहानपणी बोटानं गिरवायची.

तिनं आईला फोन लावला. रिंग पूर्ण गेली. पुन्हा लावला. पुन्हा गेली.

"हळद गेली खड्ड्यात," नमिता म्हणाली आणि तिनं स्कूटर काढली.

जासईपासून कळंबोलीला आईच्या घरापर्यंत म्हणजे सगळा रस्ता ट्रेलरचा. दोन ट्रेलरच्या फटीतून नमिता स्कूटर घालत होती आणि मागं बसलेली दीक्षा मनात एकच गोष्ट उगाळत होती. राहीबाईंचा खांदा सुटला, ते बरंच झालं. पण फोडलं तर मीच ना. कसलं काय फुटतंय हे न बघता फोडलं. दरवेळी चांगलंच होईल असं मला कुणी सांगितलंय?

सिडकोच्या त्या जुन्या इमारतीत तळमजल्याचं दार सताड उघडं होतं. आतून रेडिओ मोठ्यानं चालू होता. दीक्षा चपलांसकट आत घुसली.

दुर्गाबाई, तिची आई, फरशीच्या मधोमध पाय पसरून बसली होती. पुढ्यात आंब्यांची परात, कोपरापर्यंत रस ओघळलेला. शाळेत शिपाई म्हणून बावीस वर्षं घंटा देणारी, पाण्याचे पिंप उचलणारी, घरी आल्यावरही भिंतीला टेकायची नाही अशी बाई. तिला दीक्षानं असं बसलेलं उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"काय गं? असी काऊन पळत आलीस? ये, ये. ही पोरगी कोण, नमिता का? ये माय, आंबा खा."

"फोन का नाही उचललास?"

"हात भरलेत की. आणि म्हणलं वाजू दे. घरचे सगळे आज ताटकळले, चहा केला नाही मी. करतील आपापला." ती हसत उठली. "चारच्या सुमारास काय झालं काय की बाई. पाठीतून असं कायतरी गळून गेलं बघ. मी म्हणलं आता पडते का काय. पडले तर नाही. उलटं..."

तिनं वाक्य पुरं केलं नाही. ती सरळ उभी राहिली. आईचं डोकं नेहमी दीक्षाच्या कानापर्यंत यायचं. आज दोघींचे डोळे एका रेषेत होते. साडी घोट्यांच्या वर चार बोटं आली होती.

"आई, गळ्याजवळ दाखव जरा."

दुर्गाबाईनं रसाळ हातानं पदर बाजूला केला. डागाच्या जागी कोवळी कातडी होती, तान्ह्या मुलाच्या पोटासारखी. दीक्षानं त्यावर बोट ठेवलं. आईला गुदगुल्या झाल्या आणि ती किंचाळून मागं सरली. मग नमिता हसायला लागली. मग काय करणार, दीक्षाही हसली. हसता हसता ती त्या कातडीकडं बघतच राहिली.

५

"थांबायचं?" दुसऱ्या दिवशी नमितानं विचारलं.

दीक्षानं कागदावर दोन रकाने करून पाहिले. एका बाजूला घडलेलं, दुसऱ्या बाजूला त्याचं साधं कारण. राहीबाईंचा हात: आखडलेले सांधे उन्हाळ्यात मोकळे होतात. आईची उंची: ताठ उभं राहिलं की दोन-तीन इंच वाढतातच. डाग: इतक्या वर्षांत फिकट झाला असेल, आपण नीट पाहिला कधी? प्रत्येक ओळ पटण्यासारखी होती. सगळ्या ओळी एकदम मात्र पटत नव्हत्या.

पण थांबणं आता तिच्या हातात उरलं नव्हतं. राहीबाईंनी गल्लीत सांगितलं होतं. साडेतीनपासूनच बायका अंगणात येऊन बसत होत्या. कोळंबी सोलायला घेऊन आलेली ज्ञानेश्वरी, कंटेनर यार्डात पहिल्या पाळीला जाणाऱ्या तिघी, राहीबाईंची सून गोजरा. त्या वाक्यं घेऊन यायच्या. "माजा लिव गो, 'काली हाय पन कामाची हाय'." "माजा, 'दोन पोरीच काय?'" दीक्षा म्हणायची आणि हातोडा घालायची, आणि बाहेर पत्र्याच्या डब्यावर ताल धरला जायचा. एकोणिसाव्या दिवशी तर ज्ञानेश्वरीनं दीक्षाच्या हातातून हातोडा ओढूनच घेतला.

रोज कुणाचं तरी काही तरी गळून जात होतं. कुणाची मान वळायला लागली, कुणाचा आवाज जाड झाला. अंगण दिवसेंदिवस गोंगाटाचं होत चाललं होतं. दीक्षाला एवढा आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता, आणि झाडू मारताना तिला पुन्हा पुन्हा वाटायचं, या तुकड्यांचं वजन जाणवत नाही. एवढं सगळं गळून जातंय, ते नेमकं जातंय कुठं?

६

एकविसाव्या दिवशी आई आली. सलवार-कमीज घालून, गोजराच्या मागं स्कूटरवर दोन्हीकडं पाय टाकून, गजरा माळून.

तीन वाजता साचा सोलला. दीक्षानं धडाभोवती फेरी मारली. नाडीचा वळ नाही. टाके नाहीत. डाग नाही. डाव्या दंडावर बीसीजीचा बारीक ठिपका. बरगडीवर तीळ. आणि खांदे, दोन्हीकडं भरभक्कम पसरलेले. उभं राहताना ती ते आत ओढायची. धडाचे मात्र ओढलेले नव्हते.

"ही तूच आहेस," नमिता म्हणाली. "आज फक्त तूच. दीक्षा, नको फोडू. हे असंच ठेवू. वीस पडदे आणि एक मूर्ती. चांगलं दिसेल."

बाहेर डबा वाजायला लागला होता. चार वाजले.

दीक्षाला खरोखरच भीती वाटली. राहीबाईंचं काय गेलं ते दिसलं होतं. आईचं दिसलं होतं. पण आपल्यातून जाण्यासारखं काय आहे हे तिला माहीत नव्हतं. गुळगुळीत, बिनडागाचं धड समोर उभं होतं. जाईल ते कदाचित सगळंच जाईल.

तिनं पुढं होऊन मानेच्या भोकाला कान लावला. आत काळोख होता आणि ऊब होती. आधी ट्रेलर गेल्याची घरघर. मग तिला ऐकू आलं. कुणीतरी आत हसू दाबून धरलं होतं. लपाछपीत पिंपामागं लपलेलं पोर धरतं तसं, नाकातून फुसफुसत, आता फुटेल की मग फुटेल अशा बेतानं. तो आवाज तिला ओळखीचा वाटला. कुठं ऐकला, ते आठवेना.

ती मागं आली. कॅमेऱ्याकडं पाहिलं. "हळू हस," ती म्हणाली, "बाहेर ऐकू जातंय."

आणि दोन्ही हातांनी हातोडा घातला.

पांढरी धूळ पत्र्यापर्यंत उडाली. बायका आरडाओरडा करत आत घुसल्या. कुणीतरी दीक्षाला उचलून गोल फिरवलं, आईनंच असावं. सगळ्या धुळीनं माखल्या, ठसकल्या, नाचायला लागल्या. नमिता कॅमेरा सोडून नाचायला आली. दीक्षाच्या छातीतून एवढं मोठं हसू निघालं की तिचं तिलाच दचकायला झालं. अंग पिसासारखं हलकं झालं होतं. फक्त आत कुठंतरी, दात पडल्यावर जीभ जिथं पुन्हा पुन्हा जाते तशी, एक मऊ रिकामी जागा होती.

त्या जागेकडं लक्ष गेलं म्हणूनच तिनं दाराकडं पाहिलं. धुळीतून कुणीतरी बाहेर पडत होतं.

ती गर्दीतून वाट काढत अंगण ओलांडून फाटकापाशी आली. रस्त्यावर उन्हाचा लखलखाट होता. वीस-पंचवीस पावलांवर एक बाई पाठमोरी चालली होती, डोक्यापासून टाचांपर्यंत पांढरी. अंगावर काही होतं की नव्हतं, एवढ्या उन्हात सांगता येत नव्हतं. खांदे भरभक्कम पसरलेले, हात मोकळे झुलत होते. ट्रेलरचा ड्रायव्हर हॉर्न दाबत गेला, ती कडेला झाली नाही. ट्रेलरनंच वळसा घातला. गल्लीतलीच असेल कुणी, दीक्षानं मनाशी म्हटलं. धुळीनं माखलेली, तोंड धुवायला घरी निघालेली. तिनं मागं वळून खोलीतल्या बायका मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली.

शेजारी आई येऊन उभी राहिली होती. तीही तिकडंच बघत होती.

"किती ऐसपैस चालू लागलीय बघ," आई म्हणाली.

"आई, ती..." दीक्षानं हाक मारायला तोंड उघडलं. कोणत्या नावानं मारायची, ते मात्र सुचेना.

"हाक मारू नकोस." आईनं तिचा हात धरला. तळवा गरम होता आणि घट्ट. "जाऊ दे तिला, लेकरा. लई वर्षांनी बाहेर पडलीय."

वळणावर ती पांढरी बाई क्षणभर थांबली. वळून बघेल असं दीक्षाला वाटलं. बघू नये असंही वाटलं. तेवढ्यात मध्ये दोन कंटेनर एकामागोमाग आले, लाल आणि निळा, आणि ते गेल्यावर रस्ता मोकळा होता.

आत राहीबाई दोन्ही हात वर करून गात होत्या. "चल," आई म्हणाली, "एक चक्कर नाचू." दीक्षानं फाटक लावायला हात पुढं केला, मग विचार बदलून ते उघडंच ठेवलं आणि आईच्या मागोमाग आत गेली.